दुसऱ्या प्रकारचा हौ

श्रावण, तुझ्या शोकसभेत प्राचार्यांनी माझ्या हातात दहा गुणांचा तक्ता दिला.

आधी दोन मिनिटांचं मौन झालं. म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट झालं असेल, मग बाहेर तासाची घंटा वाजली आणि सगळ्यांनी सुटल्यासारखे डोळे उघडले. नंतर प्राचार्य माइकसमोर आले आणि म्हणाले, "श्रावण सर म्हणजे आमच्या महाविद्यालयाचा कणा." कणा! दीड वर्षापूर्वी याच माणसाने तुला मुलाखतीच्या खोलीतून हसत हसत बाहेर काढलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते. बोलताना ते एकदाही अडखळले नाहीत.

त्यांनी तुझ्या नावाने एक योजना जाहीर केली. आता प्रत्येक प्राध्यापकाने दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसायचं आणि तक्ता भरायचा. आवाज, फळ्याचा वापर, वर्गनियंत्रण, वेशभूषा. प्रत्येकाला दहापैकी गुण, खाली सही, एक प्रत कार्यालयात. वेशभूषा, श्रावण! मागच्या बाकावर बसून तू आणि मी पाच वर्षं जे केलं, त्याचं यांनी हे केलं. आणि तक्त्यावर संयोजक म्हणून माझं नाव आधीच छापून आणलेलं होतं.

मी रडले नाही. मला राग आला होता, तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. "रागात लिहू नका बाई, पान खराब होते," असं तू म्हणायचास. होऊ दे खराब. तू खोडायला येणार नाहीस.

आठवतं का, हे सुरू कसं झालं? मी अर्थशास्त्राची विभागप्रमुख, नोकरीत कायम, माझ्या टिपणांचे कागद पिवळे पडलेले. तू भूगोलाचा, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेशील तेवढ्यांचाच पगार, रजा नाही, आणि दर उन्हाळ्यानंतर पुन्हा नव्याने मुलाखत. एके दिवशी तू दारात उभा राहून विचारलंस, "बाई, मी तुमच्या तासाला मागं बसू का?" मला वाटलं, पोरगा शिकायला येतो आहे. मी फुलून गेले, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मी मागणीची लवचिकता शिकवली. माझा तो हातखंडा धडा. उदाहरणं ठरलेली, विनोदाच्या जागाही ठरलेल्या.

तास संपल्यावर सायकल स्टँडजवळ मी तुला विचारलं, "कसा झाला?" तू "छान" म्हणशील अशी माझी खात्री होती. तू वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलंस. त्यावर लिहिलं होतं : शिक्षिकेने सतरा वेळा 'समजलं का?' विचारलं. सतरा वेळा उत्तर आलं, हौ. त्यातले दोन हौ खरे.

मी तुला तोंडावर दीडशहाणा म्हटलं आणि आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू रोज नमस्कार करत राहिलास. नवव्या दिवशी मीच विचारलं, खरा हौ आणि खोटा हौ तुला मागच्या बाकावरून कळतो तरी कसा?

"खोटा नाई म्हणत मी, बाई," तू म्हणालास. "दुसऱ्या प्रकारचा म्हणतो. पहिला हौ येते तवा पोरगं तोंड वर करते. त्याच्या मागं काहीतरी येते. 'हौ, पर…' असं. दुसरा हौ एकटाच येते. मान खाली असते. त्याचा अर्थ 'समजलं' असा होत नाई. 'सोडा आता' असा होते."

मी गडचांदूरची, श्रावण. सिमेंटच्या धुळीत वाढले. माझ्या घरीही 'हो'ला हौच म्हणतात. बाबा कारखान्यातून आले की आई विचारायची, बरं आहे ना? बाबा हौ म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून खोकत पडायचे. जन्मभर ऐकलेला शब्द, आणि त्यात दोन शब्द आहेत हे मला माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, कंत्राटी मास्तराने सांगितलं.

मग मी तुझ्या तासाला बसू लागले आणि तू माझ्या. तुझी पद्धत तू कधी कागदावर मांडली नाहीस, पण मोडूही दिली नाहीस. बघणाऱ्याने दुसऱ्या विषयाचं असावं. विषय येत असला की माणूस फळ्याकडे बघत राहतो, येत नसला की पोरांकडे बघतो. जे दिसलं तेवढंच लिहायचं. मी एकदा "सुरेख सुरुवात" असं लिहिलं तर तू माझ्यासमोर ते खोडलंस आणि विचारलंस, "सुरेख कुठी दिसली, बाई? मले बी दाखवा." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तास संपला की पान फाडून शिकवणाऱ्याच्या हातात द्यायचं. नक्कल ठेवायची नाही, फोनवर फोटो काढायचा नाही. "ज्याचा तास, त्याचं पान," तू म्हणायचास. पान दुसऱ्याच्या हाती जाणार आहे हे कळलं की माणूस शिकवायचं सोडून सोंग करतो, हे तुझं म्हणणं होतं.

स्टाफरूममध्ये आपल्यावर हसायचे. "काय बाई, आज कोनाच्या सासू होऊन बसता?" असं विचारायचे. तुला काही वाटायचं नाही. मला वाटायचं, पण सवय झाली होती आणि त्या सवयीतून मला काहीतरी मिळत होतं. तिसऱ्या वर्षी कधीतरी भाववाढीवर बोलताना, मोहाची फुलं विकणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, "हौ, पर बाई, बाजारात सगळ्यायचा भाव वाढते, मंग मोहाचा काऊन नाई वाढत?" मी खडू हातात धरून उभी राहिले. मागे बघितलं तर तू पेन खाली ठेवून दात काढून हसत होतास. त्या तासाचं पान तू कोरंच दिलंस. मी ते अजून जपून ठेवलं आहे. तेवीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र. तुझे आभार मानायचे राहिले, ते आता मानते, आणि मानताना अधिकच चिडते.

कारण आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, हे सगळं कागदावर आण. मूल्यांकन समिती येते, तिला उपक्रम हवे असतात, तुझं नाव होईल, कायम करताना तुझा विचार होईल. तू म्हणायचास, "कागदावर गेलं का मेलं, बाई." मी म्हणायचे, तुला काय जातं बोलायला, तुझ्या आईने तुझ्या लग्नासाठी अजून किती वर्षं थांबायचं? तू विषय बदलायचास. प्रत्येक वेळी. तुझ्या गावच्या तलावात या वर्षी मासोळी किती पडली, हे सांगायला लागायचास.

मग तो समोच्चरेषांचा तास आला. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या रेघा. तू फळाभर गोल गोल रेघा काढल्यास आणि काही केल्या तास जमेना. पानं फाडायची आपली ती लांब वही त्या दिवशी तुझ्या घरी राहिली होती, म्हणून मी माझ्या विभागाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. पान त्रेचाळीस. 'शिक्षकाने नऊ वेळा समजलं का विचारलं. उत्तर हौ. नऊही दुसऱ्या प्रकारचे. मागच्या तीन बाकांवर कोणी फळ्याकडे बघत नाही. शिक्षकाला घाम आला आहे.' लिहिताना मला हसू येत होतं. ज्याने मला सतरा वेळा पकडलं, तो आज नऊ वेळा सापडला होता. तास संपल्यावर तू विचारलंस, "पान?" मी म्हटलं, रजिस्टर आहे रे, पानांवर नंबर असतात, फाडता येत नाही. तू वाचलंस आणि मोठ्याने हसलास.

त्याच दिवशी एक मुलगी तुझ्या मागे व्हरांड्यापर्यंत आली. "सर, रेघा समजते," ती म्हणाली, "पर डोंगर कुठी गेला?" तिसऱ्या दिवशी तू सगळा वर्ग आटत आलेल्या तलावावर नेलास. पाणी उतरत गेलं तसतशी काठावर चिखलाची एकेक कड उरली होती, एकाखाली एक. तू पोरांना एकेका कडेवर उभं केलंस आणि पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, चढून वरून बघायला लावलंस. मासे धरणाऱ्या घरातल्या दोन पोरांनी तर पाण्यात पाय न घालता तळाचा नकाशा काढला. कुठे गळ्याइतकं, कुठे गुडघ्याइतकं, त्यांना पायाने ठाऊक होतं. त्या तासाचं पान मी लांब वहीत लिहिलं, फाडलं आणि तुला दिलं. नियमच होता तसा.

म्हणजे फसलेला तास रजिस्टरमध्ये राहिला आणि जमलेला तास तुझ्या खिशात गेला.

समिती यायची होती. प्राचार्य म्हणाले, उपक्रमाचा पुरावा द्या. माझ्याकडे पुरावा म्हणून ते रजिस्टरच होतं. मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "ते पान नका देऊ, बाई." मी म्हटलं, अरे, असा प्रामाणिकपणाच त्यांना आवडतो, बघ तू. देऊ ना?

तू म्हणालास, "हौ."

मान खाली होती. मागे काही आलं नाही. आणि मी, सायकल स्टँडवर या शब्दाचा धडा घेतलेली मी, रजिस्टर काखेत मारून कार्यालयाकडे निघाले. मला तुझं भलं करायचं होतं. मला मिरवायचंही होतं. तू गेल्यापासून मी या दोन गोष्टी वेगळ्या करायला बघते आहे, जमत नाही.

पुढचं तू मला कधी सविस्तर सांगितलं नाहीस, पण आत काय झालं ते मला कार्यालयातल्या बाबूंकडून कळलं. मुलाखतीत प्राचार्यांनी पान त्रेचाळीस उघडलं आणि वाचलं. "नऊही दुसऱ्या प्रकारचे. हे काय असते, सर? हौमध्ये बी प्रकार असते?" सगळे हसले. मग म्हणाले, "तुमच्याच सहकाऱ्यांनी लिहिलं आहे, तुमच्या तासाला पोरं फळ्याकडे पाहत नाई." तुझे तास दुसऱ्या कुणाला गेले. ते कुणाला द्यायचे हे आधीच ठरलेलं असणार, मला काय कळत नाही? पण निमित्त लागतं, आणि ते मी सुबक अक्षरात लिहून दिलं होतं.

मी भांडायला गेले होते, हे तुला माहीत आहे का? गेले होते. दार लोटून आत गेले. प्राचार्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे तर तुमचंच अक्षर आहे." आज मला शंभर उत्तरं सुचतात. पुढच्या तासाचं पान त्याच्या खिशात आहे, ते मागा म्हणायचं होतं. तलावावर चला म्हणायचं होतं. त्या दिवशी मी साडीचा पदर सारखा केला आणि बाहेर आले.

आणि तू काय केलंस? माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "तुमचा काई दोष नाई, बाई." याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तू ओरडायला हवं होतंस. मला दीडशहाणी म्हणायला हवं होतंस, आठ दिवस अबोला धरायला हवा होतास. मी नवव्या दिवशी आले असते, श्रावण. माझ्या चुकीचं पान फाडून माझ्या हातात द्यायचं सोडून तू मला माफ करून टाकलंस. हा कुठला न्याय? दुसऱ्यांच्या तासाला एक नियम आणि स्वतःची पाळी आली की वेगळा?

मग तुझी वणवण सुरू झाली. तीन दिवस गडचिरोली, तीन दिवस अहेरी, रविवारी घरी. अहेरीतल्या खोलीवरून फोन करायचास. तिथल्या पोरांबद्दल बोलायचास, तिथे कुणी मागे बसायला तयार नाही म्हणायचास. "एकट्यानं शिकवून राह्यलो, बाई. काई दिसत नाई." मी म्हणायचे, येईन एकदा तुझ्या तासाला. पाच तासांचा बसचा प्रवास. मी गेले नाही. कधी परीक्षा, कधी समितीचा अहवाल. जायचं ठरवून न गेलेल्या माणसांत माझं नाव लिही.

त्या रविवारी मी फोन केला तेव्हा तुझा आवाज जड होता. ताप आहे म्हणालास, तीन दिवसांपासून येतो-जातो आहे. आपल्या भागात ताप म्हटलं की पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी विचारला. "रक्त तपासलं का?"

"हौ."

"डॉक्टरला दाखवलं?"

"हौ."

"उद्या अहेरीला जाऊ नकोस."

"हौ, बाई."

मी फोन ठेवला आणि पेपर तपासायला बसले. सोमवारी पहाटेच्या बसने तू अहेरीला निघालास, कारण तास बुडवला असता तर तो तुझा राहिला नसता. तिथून तुला परत आणलं तेव्हा तू माणसं ओळखत नव्हतास. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. रक्त तपासलेलंच नव्हतं. गावातली आरोग्यसेविका तुमच्या घरापासून चार घरं सोडून राहते.

लोक म्हणतात, मलेरियाने गेला. मी ऐकून घेते. मास्तर तापाने फणफणलेला असतानाही बस धरतो, कारण त्याला आजारी पडायची परवानगी नाही. याला कोणता रोग म्हणतात ते कुणी तपासत नाही. शोकसभेत एकानेही 'तासिका' हा शब्द उच्चारला नाही. मीसुद्धा नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी माइकसमोर उभी राहिले आणि तशीच परत येऊन जागेवर बसले. लोकांना वाटलं, मॅडम भावुक झाल्या.

पण तो तक्ता मी भरला नाही. सभा संपल्यावर कार्यालयात गेले, कपाटातून रजिस्टर मागून घेतलं आणि पान त्रेचाळीस फाडलं. बाबू घाबरले. "मॅडम, नंबरचं पान आहे, फाडता येत नाई." मी म्हटलं, फाटलं आता. तक्ता त्याच जागी ठेवला, संयोजकाचं नाव खोडून. दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारं पत्र आलं. अजून उत्तर दिलेलं नाही. या वेळी उत्तरात सगळं लिहिणार आहे, तलावावरच्या तासासकट, आणि माझं अक्षर त्यांना चांगलंच वाचता येतं.

ते पान घेऊन मी तुझ्या घरी गेले. तुझी आई अंगणात जाळं विणत बसली होती. मी तिला सांगितलं, हे श्रावणचं आहे, माझ्याकडून द्यायचं राहिलं होतं. ज्याचा तास, त्याचं पान, असा त्याचा नियम होता. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. शिक्षकाला घाम आला आहे, यावर ती हसली. 'दुसऱ्या प्रकारचे' यावर थांबली. ते काय असतं हे मी समजावून सांगू लागले, तुझीच वाक्यं वापरून, तर तिने हात वर करून मला थांबवलं. तिला ते माहीत होतं. तू तिच्याकडूनच शिकला होतास, हे मला तेव्हा कळलं.

ती पुन्हा विणायला लागली. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "तुमी बऱ्या आहा ना, बाई?"

मी म्हटलं, "हौ."

तिचे हात थांबले. "हा दुसरा हाये," ती म्हणाली.

तिने जाळं बाजूला सारलं.

"तुमचा फोन आला तवा तो इथीच पडून होता. या बाजेवर. मी त्याचे तिनी हौ आयकले, बाई. माहं तो आयकत नोहता, तुमचं आयकत होता. मले वाटलं, बाई येवढ्या शिकलेल्या हायेत, त्या वळखतीन. आता त्याले रागावतीन." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी फोन काऊन ठेवला?"

तिने माझ्या हातातलं पान घेतलं, मांडीवर सपाट केलं, माझ्या अक्षरावरून एकदा बोट फिरवलं. मग घडी घालून परत माझ्याच हातात दिलं.

"ज्याचा तास त्याचा पान मनला ना तुमी," ती म्हणाली आणि जाळ्याकडे वळली.